मागच्या भिंतीजवळचा गुलाब

११ ऑगस्ट

ही वही छापखान्याची. पुस्तकांची मुद्रितं तपासायला घरी पाठवतात, तेव्हा सोबत चुका टिपायला कोरी वही देतात. यंदाच्या भूगोलात चुका कमी निघाल्या, पानं उरली. आई झोपली आहे, दुपारचे दोन वाजलेत.

काल धाकटा आला होता. घर बिल्डरला द्यायचं ठरलंय म्हणाला. ‘ठरवू या’ नाही, ‘ठरलंय’. आई त्याच्याकडे जाणार, मीही त्याच्याकडे, मागची खोली रिकामीच आहे. चहा निवायच्या आत सगळ्यांची सोय लावून झाली.

मी विचारलं, “आणि बाबांचा गुलाब?”

“ताई, झाड आहे ते.”

“साधंसुधं झाड नाही.”

“मग काय आहे?”

बत्तीस वर्षं त्याला पाणी घालतेय आणि ते काय आहे ते मला ठाऊक नाही. शेवटी तो म्हणाला, “बरं, पुढच्या बहरापर्यंत थांबतो. तोवर शोध काय ते.” आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिच्यापर्यंत किती पोचलं, देव जाणे.

१४ ऑगस्ट

बागकामाच्या एका मासिकाची मुद्रितं मी तपासते. त्यात जुने गुलाब ओळखून देणाऱ्या एका बाईंचा पत्ता होता. त्यांना पत्र लिहिलं. चार वेळा लिहिलं, तीन वेळा फाडलं.

लिहिलं ते असं. माझे वडील एका मोठ्या बागेत माळी होते. बाग मोडून तिथे गोदाम होणार म्हटल्यावर त्यांनी तिथल्या एका जुन्या गुलाबाचं कलम घरी आणून मागच्या भिंतीशी लावलं. म्हणायचे, हा आता दुसरीकडे कुठे सापडायचा नाही. नावही सांगितलं होतं. मी तेव्हा वीस वर्षांची. दुसऱ्या गावच्या छापखान्यातून नोकरीचं पत्र आलेलं, डोक्यात तेच. या कानाने ऐकलं, त्या कानाने सोडलं. आता हे घर पाडणार आहेत, म्हणून विचारतेय.

पुढचं पत्रात लिहिलं नाही. लावल्यावर पहिल्याच बहरात त्याला फूल आलं. मी परीक्षेच्या गडबडीत, नीट पाहिलंही नाही. त्याच उन्हाळ्यात बाबा गेले. मग झाड वाळायला लागलं. मी ठरवलं, हे सावरलं की निघायचं. सावरायला त्याला दोन वर्षं लागली. तोवर नोकरी कोण ठेवतंय. धाकटा शाळेत होता, मग कॉलेजात, मग त्याचं लग्न, मग आईची पडझड. असं करत करत बावन्न.

२ सप्टेंबर

बाईंचं उत्तर आलं. एक पान, मायना नाही, ख्यालीखुशाली नाही.

“‘सुंदर’, ‘मोहक’, ‘बाबांची आठवण’ हे शब्द ओळखायला उपयोगी नाहीत. एका देठावर पानं किती, पाच की सात? काटे सरळ की वाकडे, सगळे एका मापाचे की लहानमोठे? कळीखालची हिरवी टोकं साधी की झालरीची? फळ धरतं का? वर्षातून एकदा फुलतं की पुन्हा पुन्हा? जे दिसेल ते लिहा, जे वाटेल ते लिहू नका. फूल पाहिल्याशिवाय मी नाव सांगणार नाही. दरम्यान दोनचार कलमं करून ठेवा, म्हणजे घर गेलं तरी झाड राहील. सोपं असतं.”

मुद्रितं तपासणाऱ्या माणसाला असं पत्र म्हणजे मेजवानी. लगेच भिंग घेऊन मागे गेले. कलमांचं मात्र मला पटत नाही. नाव कळल्याशिवाय कलम कशाचं करायचं? आणि लागेलच असंही नाही. आधी नाव.

९ सप्टेंबर

बहुतेक देठांवर पाच पानं, क्वचित सात. काटे वाकडे, दोन मापांचे. सात फांद्या बुंध्यापासून, सगळ्यात उंच माझ्या डोक्याच्या वर हातभर. वर्षातून एकदाच फुलतं.

आईला म्हटलं, “फूल गडद लाल, मध्ये पिवळं, असं लिहिते.” ती म्हणाली, “फिकट होतं. कवडीसारखं. वासाने खोली भरली होती.”

“आई, दरवर्षी लाल येतं. आणि वास तर नावालाच.”

तिने पांघरूण ओढून घेतलं. मग म्हणाली, “बरं, तू म्हणशील तसं.” डॉक्टरांच्या कानावर घालायला हवं. माणसं आठवतात तिला, रंग विसरायला लागली.

२८ सप्टेंबर

माझी हद्द किती, ते आज मोजलं. समोर औषधाचं दुकान, दोनशे दहा पावलं. पोस्ट, साडेसहाशे. शेजारच्या काकू आईजवळ वीस मिनिटं बसतात, त्यात पोस्ट बसतं. ग्रंथालय बसत नाही. चार वर्षांत त्याच्यापुढे गेलेले नाही. आईची खाट मधल्या खोलीत, तिथून पुढचं दार दिसतं आणि मागचंही. तिला काही हवं असलं की ती चमच्याने पेल्यावर वाजवते. एक टोला पाणी, दोन टोले कूस, तीन म्हणजे नुसतं ये.

मला हे सांगताना तक्रार करायची नाही. जे दिसेल ते लिहा, असं बाईंनीच सांगितलंय.

१७ ऑक्टोबर

पोस्टातून आले तर आई खाटेशेजारच्या फोनवर. मला पाहून तिने फोन ठेवला.

“कोण होतं?”

“राँग नंबर.”

रिसीव्हर चांगला गरम होता. राँग नंबरशी इतका वेळ कोण बोलतं? धाकट्याचं काम हे. सही करून दे म्हणून मागे लागला असणार. थकल्या माणसाला घोळात घ्यायचं आणि माझ्यासमोर गोड बोलायचं. रात्री तिच्या उशाखालची कागदपत्रांची पिशवी मी माझ्या कपाटात ठेवली. सकाळी तिने विचारलं, “पिशवी कुठे?” म्हटलं, “सांभाळून ठेवलीय.” ती हसली. हसण्यासारखं काय होतं त्यात, कळलं नाही.

५ नोव्हेंबर

बाईंची आता महिन्याला दोन पत्रं येतात. आजच्यात लिहिलंय, “तुमची टिपणं माझ्याकडे येणाऱ्यांत सगळ्यात स्वच्छ आहेत. तुम्ही काय काम करता?” मी दोनदा वाचलं. मग आईलाही वाचून दाखवलं.

आईने विचारलं, “कुठे राहतात या बाई?”

“गुलाबांच्या बागेतच. तीनशे जाती जमवल्यात म्हणे.”

“गाव कसं आहे? गाडी थेट जाते का?”

“तुला काय करायचंय गाडीचं?”

“विचारलं आपलं.”

२३ डिसेंबर

आईचं नवं खूळ. स्वतःचे केस स्वतः विंचरायचे. कंगवा तीन वेळा पडला. चौथ्यांदा मी घेतला हातातून. म्हटलं, “हट्ट कशाला? मी आहे ना.” ती म्हणाली, “तीच तर पंचाईत आहे.” परवा खाटेच्या कडेला एकटी बसायला गेली आणि कलंडली, थोडक्यात वाचली. मी रागावले. आता खाटेला दोन्ही बाजूंनी खुर्च्या लावून ठेवते.

३० जानेवारी

धाकटा आला. मागे जाऊन गुलाब बघून आला. “कळ्या कधी?” मी म्हटलं, “मार्चअखेर.” तो म्हणाला, “बिल्डर घाई करतोय. मी परत एकदा पुढे ढकलतो.” हे त्याने इतक्या सरळ सांगितलं की मला संशय आला.

जाताना आईच्या कानाशी काहीतरी बोलला. तिने त्याच्या गालावर हात फिरवला. माझ्या गालावर कधी फिरवला होता, आठवत बसले. मी सतत तिथेच असते, म्हणून असेल. भिंतीला कोण कुरवाळतं?

२६ मार्च

आलं. पहाटे नव्हतं, आठ वाजता होतं. गडद लाल, पाकळ्या मोजल्या, एकोणीस. मध्ये पिवळे केसर. वास जवळजवळ नाही. बाईंना फोन केला. म्हणाल्या, “परवा येते. तोडू नका.”

दोन दिवसांत किती वेळा मागे गेले ते लिहीत नाही. एवढंच वाटतंय की नाव कळलं, हा हरवलेला गुलाब आहे असं त्यांनी लिहून दिलं, की मग या भिंतीला हात लावायची कोणाची हिंमत होणार नाही.

२८ मार्च

बाई आल्या. साठीच्या पुढच्या, गुडघ्यांना रबराच्या पट्ट्या बांधलेल्या. आईला नमस्कार केला, पाणी प्यायल्या, थेट मागे. फुलाकडे त्यांनी मिनिटभरसुद्धा पाहिलं नाही. गुडघे टेकून बुंध्याची माती खुरप्याने उकरायला लागल्या. मी म्हटलं, “नाव फुलावरून...”

“हो. पण आधी हे बघू.”

वीतभर खाली बुंध्याला एक गाठ होती, मुठीएवढी. तिच्यावर एक काळं, वाळकं बोटभर लाकूड, पोकळ झालेलं. माझ्या सातही फांद्या त्या गाठीच्या खालून निघालेल्या.

बाई टाचांवर बसल्या. “वडिलांनी डोळा भरून लावला होता. म्हणजे खाली एक रांगडा गुलाब, नुसता मुळांसाठी. त्याला खुंट म्हणतात. त्याच्या सालीत चांगल्या गुलाबाचा डोळा बसवायचा. हे वाळकं दिसतंय ना, तो त्यांचा गुलाब होता. तो मेला, बऱ्याच वर्षांपूर्वी. मग खालून खुंट फुटला. तुमच्याकडे फुलतोय तो खुंट.”

“याचं नाव?”

“नाव आहे. कुठल्याही रोपवाटिकेच्या मागच्या अंगाला हे हजारांनी असतं.”

मी माती गाठीवर परत लोटायला लागले. त्या म्हणाल्या, “असं बऱ्याच घरी निघतं. काहीजण माझ्यावर चिडतात. तुम्हाला चिडायचं असेल तर चिडा, माझी बस चारला आहे.”

मी चहा केला. आईने आतून पेल्यावर तीनदा वाजवलं. मी गेले नाही.

३१ मार्च

धाकट्याचा फोन. “काय म्हणाल्या बाई?”

“अजून नक्की नाही. नमुने नेलेत, वेळ लागेल.”

“किती?”

“फळ धरेपर्यंत तरी.”

बावन्नाव्या वर्षी भावाशी खोटं बोलले, तेही कशासाठी, तर रोपवाटिकेच्या मागच्या अंगाला हजारांनी असतं त्याच्यासाठी. आज सकाळी त्याला पाणीही घातलं. घालू नको म्हटलं तरी पाय आपोआप जातात.

१२ एप्रिल

बाईंचं पत्र. गुलाबाबद्दल एक ओळ नाही. त्यांच्या बागेत जुन्या जातींची नोंदवही नव्याने करायची आहे. तीनशे झाडं, निम्म्यांच्या पाट्या गेलेल्या. “डोळ्यांनी वाचणारं माणूस हवं आहे. एक खोली आहे. सहा महिने येऊन बघा, मग ठरवा.”

शक्य नाही. आईचं कोण करणार? धाकट्याच्या बायकोला कूस बदलता येत नाही, मान अवघडते आईची. पत्र घडी घालून वहीत ठेवलं. बाईंना नम्रपणे कळवते.

१३ एप्रिल

कळवायचं राहिलं.

१६ एप्रिल

मी औषधं आणायला गेले तेवढ्यात आईने काकूंकडून वही मागवून घेतली आणि पत्र वाचून घेतलं. वहीतलं बाकी वाचलं नाही, असं काकू शपथेवर सांगतात. काकू गेल्यावर आई म्हणाली, “बस.”

मी खाटेजवळची खुर्ची ओढली.

“खुंट आहे ना तो?” ती म्हणाली.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. “तुला कोणी सांगितलं?”

“सांगायला कशाला हवं. तुझे बाबा गेले त्याच वर्षी वरचा वाळला. मी बघत होते. खालून फुटवे आले. ते असतील तर खुडायचे असतात, एवढं मलाही ठाऊक होतं, माळ्याची बायको मी. दोन वर्षांनी लाल फूल आलं आणि तू नाचत आत आलीस, बाबांचा गुलाब जगला म्हणून.”

“मग तेव्हाच का नाही बोललीस?”

“तू म्हणाली होतीस, झाड सावरलं की जाईन. वरचा मेलाय, आता सावरायचा नाही, असं पहिल्याच वर्षी कळलं असतं तर लगेच गेली असतीस. सावरलं म्हटल्यावरही जाणारच होतीस, पण तोवर धाकट्याची शाळा आली मधे. मला तू जायला नको होतीस. घरात मी आणि एक अकरा वर्षांचं पोर. मी गप्प बसले. मग गप्प बसायची सवय झाली.”

मी उठले. ती म्हणाली, “अजून आहे. घर पाडायचं धाकट्याने नाही ठरवलं. मी सांगितलं त्याला. तू दारातून बाहेर पडणार नव्हतीस. म्हटलं, दारच काढावं.”

१७ एप्रिल

औषधं दिली. कूस बदलली. बोलले नाही.

१८ एप्रिल

औषधं दिली. बोलले नाही. तिने एकदाही पेल्यावर वाजवलं नाही. पाणी हवं होतं तर स्वतः हात लांबवून घेतलं, अर्धं सांडलं. मी दारातून पाहत होते. पुसायला गेले नाही. गादी ओली राहिली, त्याचं वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं याचा राग आला.

बत्तीस वर्षं. मुद्रितात एवढी मोठी चूक असती तर मला पहिल्याच वाचनात दिसली असती.

२० एप्रिल

आज विचारलं, “आणि मी गेलेच नसते तर? तू न सांगताही?”

आई म्हणाली, “ते मलाही वाटायचं. म्हणून तर झोप लागायची.”

यावर मला हसू आलं. मग तिलाही. मग मी रडले, ती नाही. तिने हात पुढे केला, माझ्या गालापर्यंत पोचेना, खांद्यावर ठेवला. म्हणाली, “मी तिकडे मरणार नाही, एवढं बघते. तू जा. सून मान वाकडी ठेवील, चालेल. वाकडी तर वाकडी.”

तिला माफ केलं, असं लिहिणार होते. जे दिसेल तेच लिहायचं, म्हणून लिहीत नाही.

२२ एप्रिल

धाकट्याला बोलावून खरं सांगितलं. तो ऐकून मागे गेला आणि पायरीवर बसला. बराच वेळ आला नाही म्हणून मी गेले.

“म्हणजे यातलं काहीच बाबांचं नाही?” तो म्हणाला.

“खड्डा त्यांनी खणलेला.”

“बिल्डरला मी तीनदा पुढे ढकललं. आई ओरडायची फोनवर, तुझ्या ताईचे लाड पुरे म्हणून. मला वाटायचं, नावच कळलं तर बरं. मला बाबा फार आठवत नाहीत, ताई. हे झाड आठवतं.”

माझ्या डोक्यात आठ महिने या मुलाबद्दल काय काय चाललं होतं. मी त्याच्याशेजारी बसले. थोड्या वेळाने त्याने खिशातून चावी काढून एक फांदी कापायला सुरुवात केली. चावीने फांदी कापतात का कधी? मी आतून कात्री आणून दिली. त्याने फांदी ओल्या कागदात गुंडाळली. “लागेल का?”

“हा कुठेही लागतो. नुसता खोच.”

६ मे

आईला सोडून आले. धाकट्याच्या घरी तिची खाट खिडकीशी लावली आहे. भावजयीला कूस बदलायची कशी ते दाखवलं. तिने पहिल्याच खेपेला बरोबर केलं. मला बरं वाटायला हवं होतं.

१९ मे, बागेतली खोली

आठवडा झाला. खोलीला एक खिडकी, एक टेबल, दिवा. पाच वाजता जाग येते आणि करायला काही नसतं. परवा अकराला नोंदी अर्ध्यावर टाकून ताडकन उठले. बाईंनी विचारलं, “काय झालं?” अकराची गोळी, असं सांगणार होते. म्हटलं, “पाय अवघडला.”

चौतीस झाडं झाली. अकरांची नावं लागली, चारांच्या बुंध्याशी खुंटाचे फुटवे सापडले. बाईंनी ते खुडायला मला सांगितलं. तीन खुडले. चौथ्याला दोन दिवस लावले.

आईला फोन केला. बोलण्यासारखं काही नव्हतं. ती म्हणाली, “मान दुखतेय,” आणि मी तिकिटाचा विचार करायला लागले तेवढ्यात म्हणाली, “गाडीत बसू नकोस. सांगितलं आपलं.”

२४ मे, रविवार

सुट्टी. बाई म्हणाल्या, बाहेर जाऊन या, गाव बघा. फाटकावरच्या पहारेकऱ्याकडे वही असते, आत-बाहेरची. त्याने माझं नाव लिहिलं, जायची वेळ लिहिली आणि विचारलं, “परत किती वाजता?”

मी उभी राहिले. काकूंची वीस मिनिटं नव्हती, गोळी नव्हती, कोणी वाजवणार नव्हतं. डोकं पार कोरं झालं. माझ्यामागे दोन माणसं येऊन थांबली.

पहारेकरी म्हणाला, “बाई, काहीही सांगा. मला रकाना भरायचाय फक्त.”

“साडेपाच,” मी म्हटलं.

नदीवरच्या पुलापर्यंत गेले. एका दुकानाच्या काचेत पाहिलं, एका बाकावर बसले, पुन्हा पुलापर्यंत गेले. फाटकात परत आले तेव्हा चारला दहा कमी होते. पहारेकऱ्याने साडेपाच खोडून खरी वेळ लिहिली.

पुढच्या रविवारी साडेचारपर्यंत तरी ताणून बघायचं.